घर न मोडणारा प्रोग्रॅम

चिटणीसबाईंविषयी लिहायचा खरा हक्क त्यांच्या शाळेतल्या मुलींचा. त्या बाईंकडून इतिहास शिकल्या, त्यांनी वह्या तपासून घेतल्या, ओरडा खाल्ला. मी त्यांच्या वर्गात एक दिवसही बसलेलो नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. वडील वाघोडियाच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत आणि आमच्याकडे लिहिणं म्हणजे गावाला पोस्टकार्ड. तेव्हा मी एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत काढायला बसावं, हे माझं मलाच जरा जास्त वाटतं. वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. पण ज्यांना हक्क आहे त्या मुली लग्नं होऊन कुठे कुठे गेल्या, ती मराठी शाळाही मुलं मिळेनात म्हणून बंद झाली, आणि मी पाहिलेल्या बाई त्यांच्यापैकी कोणी पाहिल्या असतील असं वाटत नाही. म्हणून धीर करतो.

बाईंच्या घरी कोणीही गेलं, तरी नाव विचारण्याआधी त्या त्याच्या तळहातावर एक नाणं ठेवत. "मूठ मिट," म्हणत. "डोळेपण मिट. आता सांग." काय सांगायचं ते सांगत नसत. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस घाबरून म्हणाला होता, "बेन, ठंडुं छे." बाई म्हणाल्या, "पास," आणि त्याला चहा दिला. माझ्या वेळी मी म्हणालो, "जुनं वाटतंय." बाईंनी नाणं लगेच काढून घेतलं. "ते तू ऐकून आलायस. हाताने सांग." मी पुन्हा मूठ मिटून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने म्हणालो की एका बाजूने झिजलंय, कोणीतरी अंगठ्याने घासत असावं. तेव्हा त्या हसल्या. "बघ. घाई नाही करायची. ते तीन राजवटी थांबलंय, तुझ्यासाठी पाच मिनिटं थांबेल."

त्याआधी आमची भेट झाली ती पटेलसाहेबांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. मी कॉलेज सुटल्यावर तिथे शिकायचो आणि फीच्या बदल्यात नव्या मुलांना शिकवायचो. त्या काळात बडोद्यात दर दोन गल्ल्यांआड असा एक क्लास निघाला होता. एका दुपारी पांढऱ्या सुती साडीतल्या, ताठ कण्याच्या एक बाई छत्री घेऊन आत आल्या.

"आवो बेन, बेसो," पटेलसाहेब म्हणाले. "कोर्स करवो छे?"

"कोर्स नको. मला एक प्रोग्रॅम निवडायचा आहे. नाण्यांची यादी करणारा."

बाई मराठीत बोलत होत्या आणि साहेब गुजरातीत. बडोद्यात यात कोणाला काही वाटत नाही. साहेबांनी चष्मा वर केला. "सिक्का? सिक्का तो बँकवाळा गणे, बेन. एनो प्रोग्राम शुं?"

"मोजायची नाहीत मला," बाई म्हणाल्या. "मोजणाऱ्यांपासून वाचवायची आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "महाजन, तू जा. मराठी छे. तारुं काम."

बाईंचं घर घडियाळी पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली तांब्यापितळेच्या मोडीचं दुकान होतं. लोक फुटक्या घागरी, चेपलेले तांबे घेऊन येत, दुकानदार ते मोठ्या काट्यावर टाकी आणि वजनं आदळण्याचा आवाज जिन्यातून वर येई. बाईंनी त्या बाजूची खिडकी कायमची बंद केली होती, उन्हाळ्यातसुद्धा. खोलीत उकडायचं आणि दिवसाही दिवा लागायचा. टेबलावर मुंबईच्या भाच्याने, विजयने पाठवलेला जुना कॉम्प्युटर होता. त्यावर बाईंनी कशिदा काढलेलं कापड घातलं होतं. पण कापडाखालून तो दिसायचा तसा मला तरी आवडायचा नाही. कोणीतरी तोंड झाकून बसल्यासारखा.

नाणी भिंतीतल्या कपाटात, उथळ सागवानी तबकांत होती. बाईंचे वडील संस्थानच्या खजिन्यात अधिकारी होते. त्यांनी ती आयुष्यभर जमवली. आपल्याच संस्थानची, शिवाय आजूबाजूच्या छोट्या संस्थानांचीही. मी पाहिलं तर तबकात चार चार नाण्यांच्या ओळी होत्या. एका टाकसाळीत एका साली पाडलेला रुपया, त्याच सालची अधेली, पावली आणि दोन आणे. मोठ्याकडून लहानाकडे.

"हे एक घर," बाई म्हणाल्या. "हा बाप, ही आई, हा मुलगा, हे शेंडेफळ. आणि हे शेजारचं घर, पुढच्या सालचं. कळलं?"

"हो."

"मग तुझ्या प्रोग्रॅमला कळायला हवं. घर मोडता कामा नये. बाकी तो काय करतो त्याच्याशी मला कर्तव्य नाही."

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. हा सगळा संग्रह बडोद्यातल्याच एका संस्थेला एकत्र द्यायचा होता, त्यातलं एकही नाणं वेगळं होणार नाही अशा अटीवर. वकिलांनी सांगितलं होतं की प्रत्येक नाण्याला नंबर असलेली पक्की यादी जोडल्याशिवाय दानपत्र व्हायचं नाही. बाईंचं हृदय नीट नव्हतं. जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबत आणि कठड्याला धरून म्हणत, "जरा इतिहास आठवतेय." वर आल्यावर ओठ निळसर दिसत. मला त्या थांबण्याची भीती वाटायची, पण मी तसं कधी बोललो नाही.

पहिला प्रोग्रॅम मी क्लासमधून नेला. पटेलसाहेबांनी तो हार्डवेअरच्या दुकानांसाठी करून घेतला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. मालाचं नाव घाला, नग घाला. आम्ही पहिलं घर भरलं, दुसरं भरलं. तिसऱ्या घराचा रुपया घातला आणि पाहतो तर प्रोग्रॅमने तिन्ही घरांचे रुपये एकत्र करून "रुपया, नग तीन" अशी एकच ओळ केली होती. अधेल्या दुसऱ्या ओळीत. बाई चष्मा लावून पडद्याजवळ गेल्या.

"हा काय धर्मशाळेचा मॅनेजर आहे का? पुरुष एका खोलीत, बायका दुसऱ्या खोलीत, पोरं ओसरीवर!"

तेवढ्यात खाली एक सूचना लुकलुकायला लागली. मी ती वाचून दाखवली: दोन आणे, साठा कमी आहे, ऑर्डर द्या.

"कुठे देऊ?" बाई म्हणाल्या. "टाकसाळीला?" आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग पदराने डोळे पुसत त्यांनी निकाल सांगितला. "दहापैकी एक. तोही अक्षर स्वच्छ आहे म्हणून."

दुसरा प्रोग्रॅम विजयने मुंबईहून पाठवला. परदेशातला, खास नाणी जमवणाऱ्यांसाठी केलेला. चकचकीत तबकडी, वेष्टनावर सोन्याच्या नाण्यांचा ढीग. मला वाटलं, हाच. यात फोटो होते, सालं होती, चारही नाणी एका गटात ठेवायची सोयही होती. बाईंनी पहिल्या घराचा रुपया घाला म्हटलं. मी सगळं भरलं, आणि जतन करायला गेलो तर तो अडला. वजन भरल्याशिवाय पुढे जाईना. किंमत भरल्याशिवायही जाईना. किमतीत शून्य घातलं तर म्हणाला, शून्यापेक्षा मोठा आकडा हवा.

"वजन का हवंय त्याला?" बाईंनी विचारलं. आवाज बदललेला मला कळला, पण कारण कळलं नाही.

मी म्हटलं, तेवढं मी करतो. पुढच्या रविवारी कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना विचारून मी एक छोटा काटा घेऊन गेलो. लाकडी पेटीतला, पितळी पारड्यांचा. बाईंनी दार उघडलं, माझ्या हातातली पेटी पाहिली आणि दारातच हात आडवा केला.

"काय आहे त्यात?"

"काटा, बाई. वजनासाठी."

"बाहेर ठेव."

"बाई, तो फक्त..."

"महाजन. जिन्यात ठेव. आणि मग आत ये."

मी पेटी जिन्यात ठेवली. आत आल्यावर त्यांनी दार लावलं, कडी घातली, आणि कितीतरी वेळ त्या कडीवरच हात ठेवून उभ्या राहिल्या. खाली दुकानात कोणीतरी काहीतरी जड टाकलं. तेव्हा मला उमगलं की या घरात काटा नाही, तो वर आणू दिला जात नाही, आणि ती खिडकी उन्हासाठी बंद केलेली नाही.

त्या दिवशी बाईंनी मला सांगितलं. वडील गेले तेव्हा त्या मॅट्रिकला होत्या. तेरावा झाल्यावर दोन भाऊ, दादा आणि अण्णा, ओसरीवर बसले आणि सोनाराला काटा घेऊन बोलावलं. तबकं उलटी केली. चांदीचा एक ढीग, तांब्याचा एक.

"पारडी सारखी होईनात, तेव्हा सोनार एखादी पावली इकडची तिकडे टाकायचा," बाई म्हणाल्या. "मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी म्हटलं, दादा, ती पावली त्या रुपयाची आहे रे. दादा म्हणाला, वजन बरोबर होतंय ना? मग झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. दोघे माझे सख्खे भाऊ, दोघेही चांगले. म्हणून तर काही चुकतंय असं कोणाला वाटलंच नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला रिकामी तबकं मिळाली. मुलीला नाणी कशाला, असं म्हणाले. तबकं पापड वाळवायला होतील."

बाईंनी लग्न केलं नाही. नोकरी लागल्यावर त्यांनी ती घरं परत जमवायला सुरुवात केली. पगारातून सराफांकडून घेतली. वहिनींनी पैंजण करायला काढलेली नाणी सोनाराकडे जाऊन बदलून आणली, तेवढ्याच चांदीच्या वळ्या देऊन. आणि दर भाऊबीजेला ओवाळताना त्या भावांना साडी मागत नसत, पाकीट मागत नसत. "बाबांचं एक नाणं टाक," म्हणत. भाऊ हसत आणि ताटात टाकत. एका भाऊबीजेला एक. असं करत करत त्यांचे केस पांढरे झाले, दोघे भाऊ गेले, आणि तबकं भरत आली.

"एकदा मोडलं ना," त्या म्हणाल्या, "की वजन तेवढंच राहतं. नाणं राहत नाही." हे वाक्य त्या नेहमी म्हणत. पण त्या दिवशी ते मला वेगळं ऐकू आलं.

परदेशी प्रोग्रॅमला शून्य मार्क मिळाले. त्याने प्रत्येक पानाखाली आपोआप किमतीची बेरीज मांडलेली बाईंनी पाहिली होती. "हा यादी नाही करत, महाजन. हा गिऱ्हाईक बोलावतोय."

शेवटी मी घाबरत घाबरत म्हटलं की क्लासमध्ये शिकतोय त्यातून मीच एक साधा प्रोग्रॅम करून बघतो. बाईंनी परवानगी दिली, पण पेपर काढणाऱ्यासारख्या अटी घातल्या. वजनाचा रकाना नको. किमतीचा नको. बेरीज कुठेही नको. प्रत्येक नाण्यापुढे ते कुठून परत आलं ते लिहायला भरपूर जागा. आणि नंबर असे की घर शेजारी शेजारी राहील: पहिल्या घराच्या रुपयाला एक, अधेलीला दोन, पावलीला तीन, दोन आण्यांना चार. पुढचं घर पाचापासून. मी गटाला वेगळा क्रमांक द्यायचं सुचवलं होतं. त्यांना ते पटलं नाही. "घरातल्या माणसांना क्रम असतो, कप्पा नसतो."

मी तो केला. मराठीत नावं उमटवायला फार त्रास झाला, पण उमटली. पहिल्या घराची चार ओळींची छापील पट्टी प्रिंटरमधून कुरकुरत बाहेर आली तेव्हा बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. "दहापैकी नऊ," म्हणाल्या. "एक मार्क मी कोणालाच देत नाही."

त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातले फार चांगले होते. बाई एकेक नाणं उचलत, कुठून आलं ते सांगत आणि मी भरत जाई. "अण्णाच्या मुंजीतल्या करगोट्यातून." "सुरसागरच्या काठावर एक म्हातारा विकत होता, त्याला वाटलं तांब्याचं आहे." "दादाकडून, भाऊबीज, त्या वर्षी तो माझ्याशी बोलत नव्हता, तरी टाकलं." माझी आई आमच्या छाणीच्या घरून डब्यात शेवभाजी द्यायची, बाई ती आवडीने खात आणि म्हणत, "तुझ्या आईच्या हाताला दहा. तिला सांगू नकोस, लाडावेल."

गणपतीत विजय मुंबईहून आला आणि शेखर त्याला घेऊन बाईंकडे आला. शेखर म्हणजे दुसऱ्या भावाचा मुलगा, कारेलीबागेत राहणारा. बाईंची औषधं तोच आणून देई, डॉक्टरकडेही तोच नेई. दोघेही आत्यावर जीव टाकणारे. त्यांच्याविषयी वाईट लिहावं असं माझ्याजवळ काहीही नाही. विजयने यादीची पानं उलटली.

"आत्या, किमती नाहीत यात?"

"नाहीत."

"बरं, राहू दे. पण हे नंबर फार छान झाले बघ. इतकी वर्षं आम्हाला सगळी सारखीच दिसायची. तुझ्याशिवाय कोणाला काही कळायचं नाही. आता कोणालाही कळेल."

बाई मोदकाचं ताट घेऊन येत होत्या. त्या थांबल्या.

"कोणालाही?"

"म्हणजे, सोपं झालं गं," विजय म्हणाला आणि त्याने मोदक घेतला.

दोघे गेल्यावर बाईंनी मला विचारलं, "महाजन, नंबर काढता येतील का रे?"

मी म्हटलं येतील, पाच मिनिटांचं काम. त्या बंद खिडकीकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "नको. वकिलाला नंबर हवेत." पुढे थोड्या वेळाने, जणू मी तिथे नाहीच अशा आवाजात: "आजवर ती माझ्या डोक्यात होती. डोक्यात कोणाला हात घालता येत नाही."

यादी पुरी झाली, एक नाणं सोडून. सातव्या घराची पावली. तिची जागा तबकात रिकामी होती. त्या काट्यावर इकडची तिकडे गेलेल्यांपैकीच ती एक, आणि पुढे कोणत्या मुशीत गेली कोणास ठाऊक. मी सत्तावीस नंबर कोरा ठेवला आणि पानं वकिलांकडे न्यायला बांधली. वकील आधीच म्हणाले होते की एक जागा कोरी असली तरी चालेल, दानपत्र होऊन जाईल, तुम्ही फक्त सही करा.

बाईंनी सही केली नाही.

"अपुरं देत नाहीत," त्या म्हणाल्या. "दान आहे ते. फुटका कलश देतो का आपण कोणाला? बोडकं तोरण बांधतो का? एक पावली राहिलीय. मिळेल."

"बाई, नंतर मिळाली तर नंतर देता येईल. मी वकिलांना विचारलं. एक ओळ वाढवायची फक्त."

"तुला प्रोग्रॅम कळतो. दान मला कळतं."

शेखरनेही सांगून पाहिलं, मनापासून. "आत्या, सही करून टाक ने. डोक्यावरचं ओझं जाईल." वकील घरी येऊन गेले, त्यांच्याही तळहातावर बाईंनी नाणं ठेवलं, चहा दिला, आणि सहीचा कागद तसाच परत पाठवला. मी एकदा धीर करून म्हणालो की घर अपुरं असलं तरी बाकीची घरं तरी शाबूत राहतील. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली.

"त्या मुलाला सोडून बाकीच्यांनी नव्या घरी राहायला जायचं म्हणतोस?"

मग त्या पावली शोधायला लागल्या. आधीही शोधत, पण आता वेगळं होतं. रोज सकाळी जिना उतरत, सराफांच्या एकेका दुकानात जात, मोडीच्या डब्यांतली चांदी बोटांनी चाळत. सराफ ओळखीचे. ते आधी उठून उभे राहत, मग नुसते हसत, मग त्यांना दुरून येताना पाहिलं की आत जायला लागले. एकदा मी बरोबर होतो. त्यांनी एक पावली उचलली, मूठ मिटली, डोळे मिटले. "नाही," म्हणाल्या आणि परत टाकली. जिन्यात आता त्या दोन्ही वळणांवर थांबत, आणि इतिहासाचा विनोद करत नसत.

घरात कॉम्प्युटर आता उघडाच असे. बाई तो स्वतः चालू करायला शिकल्या होत्या. मी गेलो की बहुधा पडद्यावर सातवं घर असायचं: पंचवीस, सव्वीस, मग कोरी ओळ, मग अठ्ठावीस. कोऱ्या ओळीवर तो छोटा चौकोन लुकलुकत असायचा, आणि बाई त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

पुढच्या शिक्षणासाठी मला पुण्याला प्रवेश मिळाला. निरोप घ्यायला गेलो तेव्हा बाईंनी मला एक पेन दिलं आणि खूप वाच म्हणाल्या. मी विचारलं, "सही करणार ना, बाई?"

"पावली आली की त्याच दिवशी."

"आणि नाही आली तर?"

त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली. "पोहोचलास की पत्र टाक. ऱ्हस्व-दीर्घ बघून." जिन्यात मी वळून पाहिलं तर त्या दारात उभ्या होत्या आणि खालून येणारा आवाज ऐकत होत्या. मला वाटतं, मी गेल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

मी पत्रं टाकली. पहिल्या दोन पत्रांना उत्तरं आली, लाल शाईतल्या दुरुस्त्यांसह माझीच पत्रं परत जोडून. तिसऱ्याला आलं नाही. परीक्षा होती, पुढे सुट्टीत वडिलांचा हात मशीनमध्ये सापडल्यामुळे मी छाणीतच त्यांच्यापाशी होतो आणि बाईंच्या घरापर्यंत जाणं झालं नाही. बाई पावली शोधण्यात गुंतल्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

परवा होस्टेलच्या ऑफिसात माझ्या नावाचा फोन आला. बडोद्याहून शेखरभाई.

"केम छो, महाजन! किती शोधला तुझा नंबर. पटेलसाहेबांकडून मिळाला."

मी आधी बाईंचंच विचारलं. "बाई बऱ्या आहेत ना? पावली मिळाली का?"



"अरे. तुला कोणी कळवलंच नाही का?" शेखरभाईंचा आवाज एकदम खाली आला. "माफ कर हं, त्या गडबडीत राहूनच गेलं. दिवाळीच्या आधीच गेली आत्या. जिन्यातच. खालचा दुकानदार धावला, पण... फार त्रास नाही झाला तिला, डॉक्टर म्हणाले."

मी काहीतरी बोललो असेन. मला आठवत नाही. सहीचं मात्र विचारलं.

"नाही ना रे केली. शेवटपर्यंत नाही. मग ते सगळं आमच्या दोघांवर आलं. किती जपलं होतं तिने, आम्हाला काळजी पडली, कसं करायचं. पण तुझी यादी होती म्हणून निभावलं बघ. मी आणि विजय तिच्या फोटोसमोर बसलो, चिठ्ठी टाकली आणि एक आड एक नंबर घेत गेलो. एक, तीन, पाच, सात विजयकडे. ती त्याने मुंबईला नेलीसुद्धा. दोन, चार, सहा, आठ माझ्याकडे. अगदी प्रेमाने झालं. आत्याला बरं वाटलं असतं. त्यासाठीच फोन केला. तुझ्या प्रोग्रॅममधून दोन वेगळ्या याद्या काढून मिळतील का? एक विषम नंबरांची, एक सम."